नऊ रस्ते, सात मैल

होल्डन कॉर्नर, आयोवा
२ मे २०१५

प्रिय व्हर्लिन यास,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. वि. वि.

तू दुरुस्त गाडी ट्रेलरवरून पोचवून परत गेलास त्या दिवसापासून ती एकदाही रुसलेली नाही. पूर्वी सकाळी पेडल तीनदा दाबायचं, मनात दहापर्यंत मोजायचं, मग किल्ली फिरवायची, आणि तरी ती दोनदा बंद पडायची. आता किल्ली फिरवली की झालं. गेल्या रविवारी मी चर्चला प्रार्थनेच्या आधी पोचले, तर पाद्रीबाईंनी मला बाजूला घेऊन तब्येत कशी आहे म्हणून विचारलं.

इकडे मक्याची पेरणी सुरू झाली आहे. तुझ्या ट्रेलरने माझ्या रूबार्बच्या वाफ्यात दोन चर पाडलेत. त्यातलं एक झाड वाचेल असं वाटतं.

आता मुद्द्याचं. ऑर्व्हलची वही अजून गाडीच्या कप्प्यातच आहे. एकतीस वर्षं, टाकी भरली की मैल आणि गॅलन, दुसरं काही नाही. सगळ्यांची सरासरी काढली तर गॅलनला साडेअकरा मैल. तो गेल्यावर मीही तेच लिहीत आले, तेच आलं. परवा तुझ्या फ्युएल इंजेक्शनवरची पहिली टाकी संपली. भागाकार केला. पावणेबारा. तू पंधरा म्हणाला होतास, व्हर्लिन. माझ्या जेवणाच्या टेबलावर हात आपटून म्हणाला होतास, वाटीतले वाटाणे उडाले होते. कार्बोरेटर काढून त्या गाडीला कॉम्प्युटर बसवणं म्हणजे बैलाला चष्मा लावणं, असं ऑर्व्हल म्हणायचा आणि तू दर नाताळात आपल्या मेहुण्याशी भांडायचास. तो असता तर आज काही बोलला नसता. वही उघडी ठेवून बागेत निघून गेला असता.

दोन किरकोळ गोष्टी. थांबून पुन्हा निघताना गाडी पूर्वीसारखा पाठीत धक्का देत नाही, जरा विचार करून निघते. आणि इकडची माणसं अचानक फार सावकाश चालवू लागली आहेत. मी हायवेला पंचावन्नवर असते आणि सगळ्यांना मागे टाकते, धान्याच्या ट्रकनासुद्धा. पेट्रोल तर उलट उतरलंय. मग कसली काटकसर चालली आहे, कळत नाही.

लोभ असू दे, आणि माझ्या भागाकारावर विश्वासही.
तुझी,
आर्डिस


सॅगिनॉ, मिशिगन
११ मे २०१५

प्रिय आर्डिस हिस,
धाकट्याचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. रोंडा म्हणते, फोन घ्या मामा, आता बोललेलं लिहून दाखवणारे फोन मिळतात. तिला सांग, चाळीस वर्षं कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या शेजारी उभं राहून मी कान घालवले, ते काही मुलाबाळांचे फोन ऐकायला नव्हेत. मला पत्रच बरं. तूही लाल पेन्सिल बाजूला ठेवून लिहीत जा. मागे एका पत्रात तू माझीच दोन वाक्यं दुरुस्त करून परत पाठवली होतीस, मास्तरीणबाई.

रूबार्बबद्दल माफी.

पहिल्या टाकीवरून काही ठरवू नकोस. या कॉम्प्युटरला गाडी शिकावी लागते. तू कशी चालवतेस, हवा कशी आहे, हे तो रोज थोडं थोडं शिकतो. तीन टाक्या होऊ दे. चाकांतली हवा बघ. एकाच पंपावर भर आणि नळी पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांब, वर थेंब टाकू नकोस. पंधरा येतील. मी अजून तेच म्हणतो.

खरं सांगायचं तर पावणेबारा हा आकडा माझ्या डोक्यात बसत नाही. मी कागदावर चार वेळा मांडून पाहिलं. इंजेक्शनने काडीचाही फरक पडला नसता तरी पावणेबारापेक्षा जास्त यायला हवे होते. असो. ते माझं मी बघतो.

निघताना धक्का बसत नाही म्हणतेस ते चांगलंच आहे. तुझं वय बहात्तर आहे, आर्डिस. धक्के कशाला हवेत?

इकडे अजून गारठा आहे. ग्लॅडिसचा गुडघा बरा आहे. तिने पाठवलेली मोज्यांची जोडी डावी-उजवी बघून घाल, तिने ते वेगवेगळ्या लोकरीत विणलेत आणि मला ते सांगायचं नाही असं बजावलं आहे.

लोभात कमी करू नये.
तुझा,
व्हर्लिन


होल्डन कॉर्नर, आयोवा
१० जून २०१५

प्रिय व्हर्लिन यास,
आशीर्वाद. वि. वि.

तीन टाक्या झाल्या. पावणेबारा, साडेअकरा, पावणेबारा. हवा बरोबर होती, पंप एकच होता, वर एकही थेंब टाकला नाही. तुझा कॉम्प्युटर वर्गातल्या मागच्या बाकावरचा दिसतो.

पण आज त्यासाठी लिहीत नाही. पंधरा दिवसांपूर्वी मला पोलिसाने थांबवलं. शेरिफच्या कचेरीतला तो मुलगा माझ्या पाचवीच्या वर्गात होता. भागाकारात कच्चा, मनाने चांगला. तो म्हणाला, बाई, तुम्ही पंचावन्नच्या रस्त्यावर एकाहत्तरने जात होता. मी म्हटलं, काटा पंचावन्नवर होता, मी सतत त्याकडे बघत होते. त्याने स्वतःचं वेग मोजायचं यंत्र मला दाखवलं. मग खूप वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. दंड केला नाही. मला वाटलं, सुटले. आठ दिवसांनी लायसन्सच्या कचेरीतून पत्र आलं: नऊ जुलै, सकाळी दहा वाजता, पुन्हा परीक्षा द्यायला या. त्या मुलानेच कळवलं होतं. काळजीपोटी.

त्याच्यावर मी रागावलेले नाही. पण त्याने माझ्याकडे बघितलं ते मला विसरता येत नाही.

त्यानंतर मी रस्ते मोजले. इकडचे खडीचे रस्ते तुला आठवतच असतील, चौकटींच्या वहीसारखे, दर मैलाला एक. मैल म्हणजे काय हे मी मुलांना याच रस्त्यांवर चालवून शिकवत असे. घरापासून पश्चिमेला निघायचं, ओलांडलेले रस्ते मोजायचे, मीटरवरचे मैल बघायचे. लहान मुलाला जमेल. काय आलं ते लिहीत नाही. बरोबर आलं नाही, एवढंच. पुन्हा गेले. पुन्हा तेच.

आई शेवटच्या वर्षी जिन्याच्या पायऱ्या मोजायची, आठवतं? कधी बारा, कधी पंधरा. आपण दोघं स्वयंपाकघरात बसून ऐकायचो आणि एकमेकांकडे बघायचं टाळायचो.

गाडी तू अख्खा हिवाळा घरी ठेवून तपासलीस. तिच्यात काही दोष असता तर तुला दिसला असता. मग उरले मीच.

रोंडाला यातलं काही कळवू नकोस. आणि माझ्यापुढे पंधरा, पंधरा करू नकोस. ऑर्व्हल जिंकला म्हणायला मला हल्ली काही मजा येत नाही.

लोभ असू दे.
आर्डिस


ओमाहा, नेब्रास्का
२६ जून २०१५

प्रिय व्हर्लिनमामांस,
रोंडाचा नमस्कार. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि हे ऐकायलाच हवं, म्हणून लिहिते आहे.

मागच्या शनिवारी मी आईकडे गेले होते. मीठ शोधताना स्वयंपाकघरातला खण उघडला तर आत अकरा कागद निघाले. प्रत्येकावर तारीख, वेळ आणि उभ्या रेघा. नऊ रेघा. खाली लिहिलेलं: मीटर, सात. कुठल्याही कागदावर यापेक्षा वेगळं काही नाही. अकरा वेळा नऊ रस्ते, अकरा वेळा सात मैल. आणि प्रत्येकाच्या खाली तिच्या लाल पेन्सिलीने: पुन्हा मोज.

मी तिला विचारलं. आधी म्हणाली, ती तिची गंमत आहे. मग बसली आणि सगळं सांगितलं. पोलीस, परीक्षा, सगळं. म्हणाली, मी दोन रस्ते दोनदा मोजते, कोणते ते मला कळत नाही. मामा, माझ्या आईने आयुष्यात एकही गोष्ट दोनदा मोजलेली नाही.

तिने आता ठरवलं आहे की परीक्षेलाच जायचं नाही. म्हणते, चौतीस वर्षं मी परीक्षा घेतल्या, नापास होताना मला कुणी बघायला नको. चार जुलैची सुट्टी संपली की सहा तारखेला लायसन्स पोस्टाने परत पाठवणार आणि गाडी विकणार. मला म्हणाली, तुझ्या घराजवळ ते वृद्धांचं निवासस्थान आहे, तिथे खोली बघ. मी बघितली. दक्षिणेची खिडकी आहे. खोली छान आहे, आणि ती बघून बाहेर आल्यावर मी गाडीत बसून अर्धा तास ती सुरूच केली नाही.

मला तिच्या किल्ल्या काढून घ्यायच्या नाहीत. पण ती कुणाला धडकली तर? मला खरंच कळत नाही काय बरोबर. तुमच्या ओळखीत जुन्या गाड्यांचं गिऱ्हाईक असेल तर कळवा. गाडी कुणा ओळखीच्याकडे गेली तर तिला बरं वाटेल.

मामींना नमस्कार. मी हे कळवलं ते आईला सांगू नका.
तुमची भाची,
रोंडा


सॅगिनॉ, मिशिगन
१ जुलै २०१५

आर्डिस,

नमस्कार नंतर. आधी हे: लायसन्स पोस्टात टाकू नकोस. पुढचं वाच, मग हवी तेवढी रागव. जास्तीचे डॉलर भरून हे पत्र पाठवतो आहे, शुक्रवारी तुझ्या हातात पडेल.

तू नऊ रस्ते मोजलेस. ते नऊच होते. मीटर चुकीचा आहे, आणि तो मी चुकवला आहे.

रोंडाने मला लिहिलं. तिला बोलू नकोस. नऊला सात, हे वाचलं तेव्हा मी पत्रपेटीजवळ उभा होतो. तिथेच पायरीवर बसलो. कारण हे दोन आकडे मला ओळखीचे आहेत.

सांगतो. गाडीच्या मागच्या आसात क्राउन आणि पिनियन अशी दोन दातेरी चाकं असतात. तुझ्या गाडीत मागचं चाक एकदा फिरायला पुढचा दांडा साडेतीनपेक्षा जरा जास्त वेळा फिरावा लागे. म्हणून ती निघताना पाठीत धक्का द्यायची, आणि म्हणूनच पेट्रोल प्यायची. मार्चमध्ये एका रविवारी, ग्लॅडिस चर्चला गेली असताना, मी ती जोडी काढून दुसरी बसवली. तिला पावणेतीन फेरे पुरतात. इंजिन कमी फिरतं, पेट्रोल कमी लागतं. तुला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

का, ते विचारशील. इंजेक्शन लावून मी इथे गाडी चालवून पाहिली होती, तेव्हा जुनेच दाते होते. पंधरा येत नव्हते. किती येत होते ते मी नीट मोजलंसुद्धा नाही, एवढं कळलं की पंधरा नाहीत. ऑर्व्हल जाऊन तीन वर्षं झाली आणि मी अजून त्याच्याशी पैज लावून बसलो होतो. मेलेल्या माणसाला हरवायला मी चोरून दाते बदलले. हे लिहिल्यावर कसं दिसतं ते मला दिसतं आहे.

आता मीटर. त्याची तार गिअरबॉक्सच्या शेपटाकडून येते. तिथे प्लॅस्टिकचं एक चक्र असतं, अंगठ्याएवढं. मागचे दाते बदलले की ते चक्रही बदलायचं, नाहीतर मीटर खोटं बोलतो. हे शिकाऊ मेकॅनिकलाही ठाऊक असतं. मी चोरून आणि घाईत करत होतो, विसरलो. तेव्हापासून गाडी नऊ मैल गेली की मीटर सात दाखवतो. एकाहत्तरने गेली की काटा पंचावन्नवर. लोक सावकाश चालवत नव्हते, आर्डिस. तूच उडत होतीस. आणि दोन महिने मी इथे बसून डोकं खाजवत होतो की दाते बदलूनही पावणेबाराच कसे. ते पावणेबारा नव्हतेच. नऊने गुण, सातने भाग. पंधराच्या थोडं वर येतात.

मला वाटलं होतं हे पंधरा तुला ऐकवताना मजा येईल.

तुझं दहा जूनचं पत्र आलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. काटा पंचावन्न, पोलिसाचं यंत्र एकाहत्तर, सगळं त्यात होतं. पण तू आईच्या पायऱ्यांचं लिहिलं होतंस आणि त्यापुढे मला काही सुचलं नाही. मलाही वाटलं की तुझंच काहीतरी. चोरी मी केली आणि संशय तुझ्यावर घेतला. उत्तरही पाठवलं नाही.

योग्य चक्र मागवलं आहे, यायला दहा-बारा दिवस लागतील. तोवर काट्याचा आकडा नऊने गुण आणि सातने भाग. तुला ते सांगायला नको.

परीक्षेला जा.
व्हर्लिन


होल्डन कॉर्नर, आयोवा
१२ जुलै २०१५

प्रिय व्हर्लिन यास,
वि. वि.

आशीर्वाद या खेपेस लिहीत नाही. समजून घे.

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी मिळालं. शनिवारी गावात चार जुलैची मिरवणूक होती, मी गेले नाही. टेबलावर ते अकरा कागद मांडले आणि लाल पेन्सिलीने एकेकावर बरोबरची खूण केली. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही असेल. पण पाच आठवडे मी रोज सकाळी उठून स्वतःचं नाव, तारीख आणि राष्ट्राध्यक्ष कोण ते आठवून बघत होते, व्हर्लिन. ते तुझ्या कुठल्याही आकड्याने गुणून परत येत नाही.

लायसन्स पोस्टात टाकलं नाही. रविवारपासून बुधवारपर्यंत मी गाडी चालवत राहिले, सराव म्हणून. पंचावन्नच्या रस्त्यावर काटा त्रेचाळीसवर. पस्तीसच्या रस्त्यावर सत्तावीसवर. दुसऱ्या दिवशी मनात भागाकार करावा लागेना, पाय आपोआप तिथेच थांबू लागला. मला स्वतःचा अभिमान वाटला.

गुरुवारी रोंडा तिच्या गाडीने आली, मी माझ्या. परीक्षक पन्नाशीचा होता, नाकावर चष्मा, कमी बोलणारा. मी त्याला आधीच सगळं सांगितलं, तू, दाते, चक्र. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, मीटर चुकीचा असलेल्या गाडीत परीक्षा घेता येत नाही, दुसरी गाडी आहे का? रोंडाची होती. मी त्या गाडीला कधी हात लावला नव्हता. आत किल्लीच नाही, बटण आहे. सीटबेल्ट लावला की ती आभार मानल्यासारखी टिणटिणते.

वळणं चांगली झाली. गाडी दोन गाड्यांच्या मध्ये उभी केली, तीही चांगली. थांबायच्या खुणेवर मी चाकं पूर्ण थांबवली, आजकाल कुणी थांबवत नाही. मग तो म्हणाला, हायवेला घ्या. मी घेतली. मागे गाड्यांची रांग लागली. एकाने हॉर्न दिला, मग दुसऱ्याने. मला कळेना, मी तर अगदी बरोबर चालले आहे. परीक्षक काट्याकडे बघत होता. मीही बघितलं. त्रेचाळीस. रोंडाच्या गाडीचा काटा खरा बोलतो, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून माझा पाय तुझ्या खोट्या काट्यावरच अडून राहिला होता.

परत आल्यावर त्याने विचारलं, एवढ्या सावकाश का? मी पेन घेऊन त्याच्याच कागदाच्या मागे गणित मांडून दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं. म्हणाला, बाई, तुमचं गणित बरोबर आहे, पण मला जे दिसलं तेच लिहावं लागतं. दोन वर्षांचं लायसन्स दिलं. अट अशी की पंचेचाळीसपेक्षा जास्त वेगाच्या रस्त्यावर जायचं नाही.

रोंडा बाहेर बाकावर बसली होती. कागद वाचून ती हसली, मग रडली, मग त्या निवासस्थानाला फोन करून खोली नको म्हणून कळवलं. फोन ठेवून तिने पुन्हा डोळे पुसले. सुटल्यामुळे की हातातली सोय गेल्यामुळे, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

आता तुझ्या पंधराबद्दल. ते पंधरा खरे आहेत, मी ताडून पाहिले. पण त्यातले इंजेक्शनचे किती आणि दात्यांचे किती? तुला माहीत नाही, मला माहीत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काहीच कळत नाही. हे मी तुला तू आठ वर्षांचा असताना शिकवलं होतं, अंगाला पुरळ उठलं तेव्हा. आईने एकाच दिवशी साबणही बदलला होता आणि दूधही. तेव्हा तू म्हणालास, कळलं. ऑर्व्हलच्या वहीत तुझ्या इंजेक्शनपासूनच्या ओळींपुढे मी प्रश्नचिन्हं टाकली आहेत. त्याच्या एकतीस वर्षांत एकही नव्हतं.

पंचेचाळीसच्या आत मला दुकान गाठता येतं, चर्च, वाचनालय आणि दफनभूमी. मिशिगन गाठता येत नाही, यापुढे कधीच येणार नाही. तेव्हा तुलाच यावं लागेल. ते चक्र घेऊन ये आणि जुने दातेही. ते बसवून एक टाकी चालवू, मग नवे बसवून एक. मी चालवेन, मीच मोजेन. तू शेजारी बस आणि बोलू नकोस. किती आले तरी वहीत तेच लिहू. कोण जिंकलं ते त्याच्या खाली लिहायचं नाही.

ग्लॅडिसलाही आण. या खेपेस ट्रेलर रस्त्यावर उभा करायचा.

लोभ आहेच. राग गेला की कळवते.
तुझी,
आर्डिस